लाइट गेल्यावर कॅमेऱ्याला काय दिसतं?

“घरात इन्व्हर्टर आहे, पंखा-दिवे चालतात, मग लाइट गेली की मोबाइलवर कॅमेरे का दिसेनासे होतात?” कॅमेरे बसवून देणाऱ्या माणसाला हा प्रश्न हमखास विचारला जातो. हजीऱ्यासारख्या ठिकाणी त्याला विशेष धार आहे.

तापी जिथे खंभातच्या आखाताला मिळते तिथला हा पट्टा. हजीरा, मोरा, कवास, भाटपोर, इच्छापोर अशी गावं आणि त्यांना खेटून कृभको, ओएनजीसी, एल अँड टी, पूर्वीची एस्सार आणि आताची आर्सेलर मित्तल निप्पॉन स्टील यांचे कारखाने. इथलं काम शिफ्टमध्ये चालतं. कर्ता माणूस नाइटला गेला की रात्रभर घरात बाकीची माणसं एकटी असतात. दुसरी गोष्ट गावाची. सुरत परिसरातल्या मराठी वस्तीत जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं मोठ्या संख्येने आहेत. लग्नसराई, दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी आली की ती उधना-जळगाव मार्गावरच्या गाड्या पकडतात आणि घराला कुलूप लागतं. शेतातल्या ओट्यावर बसून मोबाइलवर आपलं दार पाहता यावं, यासाठीच तर पदरचे पैसे घालून कॅमेरे लावलेले असतात. नेमका तेव्हाच पडदा काळा झाला, तर जिवाला घोर लागतो.

काळा पडदा म्हणजे कॅमेरा बंदच, असं मात्र नाही. कॅमेरा पाहत असेल पण साठवत नसेल, साठवत असेल पण दाखवत नसेल, किंवा तिन्ही गोष्टी बंद असतील. या तिन्ही वेगळ्या बिघाडांवर तीन वेगळे उपाय आहेत.

१. वीज शेजारी तयार होते, तरी लाइट का जाते?

कवासला एनटीपीसीचं ६५६ मेगावॅटचं गॅसवर चालणारं वीज केंद्र आहे. त्याच्या चिमण्या ज्यांच्या गच्चीवरून दिसतात, त्यांची लाइट जायलाच नको, असं वाटणं साहजिक आहे. पण केंद्रातली वीज मनोऱ्यांवरच्या अतिउच्च दाबाच्या तारांनी थेट ग्रिडमध्ये जाते. घरात येणारी वीज त्या ग्रिडमधून उपकेंद्रात उतरते, तिथून ११ हजार व्होल्टच्या फीडरवर, मग गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर आणि शेवटी २३० व्होल्ट होऊन मीटरपर्यंत. बिघाड बहुधा या शेवटच्या टप्प्यात होतो. झाडाची फांदी, फुटलेला इन्सुलेटर, जळालेला जोड अशी साधीच कारणं असतात. समुद्राजवळ त्यात खारा थर भर घालतो. इन्सुलेटरवर मीठ बसतं आणि पहिल्या ओलाव्याला त्यावरून वीज सरकू लागते.

सुरतेत राहणाऱ्यांची लाइटबद्दलची अपेक्षा मोठी आहे, आणि त्याला कारण आहे. २००३ ते २००६ या काळात गुजरातने ज्योतिग्राम योजनेत शेतीचे आणि घरांचे फीडर वेगळे केले. गावठाणांना चोवीस तास वीज मिळू लागली. त्याच दशकात खानदेशात मात्र भारनियमनाचं वेळापत्रक लोकांना तोंडपाठ होतं. त्यामुळे रोज तासन्‌तास लाइट जाण्याची तयारी इथल्या घरांत फारशी दिसत नाही.

कॅमेऱ्याच्या दृष्टीने लाइट जाण्याचे प्रकार तीन. पहिला क्षणभराचा. वाऱ्याने तारा एकमेकींना लागतात, फीडर पडतो आणि दोन-चार सेकंदांत परत चढतो. दुसरा काही तासांचा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तो यातला मोठा नमुना. तिसरा दिवसांचा. १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ ऊना-दीवजवळ किनाऱ्यावर आलं. सौराष्ट्रात विजेचे खांब इतके कोसळले, की अनेक गावांत बरेच दिवस अंधार होता. पहिल्या प्रकारासाठी बॅटरी लहान चालते, पण ती तत्पर हवी. दुसऱ्यासाठी मोठी हवी. तिसऱ्यासाठी सगळे कॅमेरे चालवायचा हट्टच सोडावा लागतो.

२. कॅमेरा एकटा नसतो

चार कॅमेऱ्यांच्या साध्या संचात किमान चार गोष्टींना वीज लागते. स्वतः कॅमेरे, त्यांना १२ व्होल्ट पुरवणारा पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा, चित्र साठवणारा डीव्हीआर आणि मोबाइलपर्यंत चित्र पोचवणारा राउटर. फायबरचं कनेक्शन असेल तर राउटरशेजारी फायबरचा छोटा डबाही असतो. काही कंपन्यांत हे दोन्ही एकाच डब्यात येतात.

गंमत अशी, की या वस्तू घरात चार ठिकाणी चार पॉइंटवर लावलेल्या असतात. घर बांधताना इन्व्हर्टरची वायर पंखे, दिवे आणि फार तर टीव्हीपर्यंत ओढलेली असते. कॅमेरे नंतर आले. लावणाऱ्याला जो पॉइंट जवळ सापडला त्यात पिन खोचली. डीव्हीआर टीव्हीजवळ असल्यामुळे इन्व्हर्टरवर, पण पॉवर सप्लाय जिन्याखालच्या बोर्डावर आणि तो बोर्ड थेट मेनवर. अशा घरात लाइट गेली की डीव्हीआरवरचे हिरवे दिवे लुकलुकत राहतात आणि पडद्यावर चारही चौकोन रिकामे. सुरुवातीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. इन्व्हर्टर असणं वेगळं आणि कॅमेऱ्याचा पॉइंट इन्व्हर्टरवर असणं वेगळं. वायरमनला “भाऊ, एवढा एक पॉइंट इन्व्हर्टरवर घेऊन द्या” असं सांगितलं की काम अर्ध्या दिवसात होतं. कित्येक घरांत नव्या वस्तूची गरजच नसते.

३. हिशेब वॅटचा

कॅमेऱ्यांना लागणारी वीज फार थोडी असते, हे लोकांना खरं वाटत नाही. साधा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा दिवसा २-३ वॅट घेतो. रात्री त्यातले न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे, म्हणजे इन्फ्रारेड एलईडी, पेटले की तोच ५ वॅटच्या आसपास जातो. चार कॅमेरे म्हणजे २० वॅट. एक हार्ड डिस्क असलेला डीव्हीआर साधारण १५ वॅट. राउटर आणि फायबरचा डबा मिळून १०-१२. एकूण बेरीज ५० च्या आत. छताचा एक जुना पंखा ७५ वॅट खातो. म्हणजे पूर्ण पहारा एका पंख्यापेक्षा स्वस्त आहे.

आता बॅटरीकडे. बॅटरीवर १५० एएच लिहिलेलं असतं, ते अँपिअर-तास. त्याला १२ व्होल्टने गुणलं की १८०० वॅट-तास होतात. बॅटरी म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी धरली, तर वॅट-तास म्हणजे टाकीतलं पाणी आणि वॅट म्हणजे उघडलेल्या नळाची धार. पण टाकी तळापर्यंत उपसायची नसते. शिसं-आम्लाची बॅटरी दर वेळी पूर्ण रिकामी केली तर ती लवकर मरते. शिवाय जुनी झाली की तिची धारणा घटते. म्हणून वापरता येण्याजोगे १००० वॅट-तास धरावेत.

इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो. तो नुसता चालू असला तरी १०-२० वॅट जातात आणि १२ चे २३० व्होल्ट करताना १५-२० टक्के उष्णता होऊन वाया जातात. म्हणजे ५० वॅटच्या भारासाठी बॅटरीतून ७५ वॅट निघतात. १००० भागिले ७५, म्हणजे तेरा तास. संध्याकाळी सातला गेलेली लाइट सकाळपर्यंत आली नाही, तरी कॅमेरे जागे.

त्याच बॅटरीवर तीन जुने पंखे आणि दिवे मिळून आणखी २६५ वॅट टाकले, तर बॅटरीतून जवळपास ३८५ वॅट निघतील आणि अडीच तासांत सगळं बंद. रात्री पंखे चालवून झोपलेल्या घरात मध्यरात्रीनंतर कॅमेरे बंद पडतात, ते यामुळे. घराला कुलूप लावून गावी जाताना मात्र पंखे बंदच असतात, म्हणून तोच इन्व्हर्टर तेव्हा तेरा तास पुरतो. घरात माणसं असतानाही कॅमेरे रात्रभर हवे असतील, तर त्यांना वेगळी छोटी बॅटरी देणंच बरं.

४. वेगळी बॅटरी कोणती?

दुकानात पहिल्यांदा संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस पुढे केला जातो. त्याच्या आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-तास. निम्मे हाती लागतात. ५० वॅटवर पाऊण तास चालला तर चांगलं म्हणायचं. संगणक नीट बंद करण्याइतका वेळ द्यावा, यासाठी तो बनवलेला आहे. क्षणभराच्या झटक्यांवर तो उत्तम, रात्रभराच्या पहाऱ्यासाठी त्याचा उपयोग नाही.

दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा आहे. कॅमेरा चालतो १२ व्होल्टवर. बॅटरीही १२ ची. तरी आपण १२ चे २३० करतो आणि अडॅप्टर त्याचे परत १२ करतो. दोन्ही वेळा वीज वाया जाते. हा फेरा टाळणारे, बॅटरी जोडायची सोय असलेले कॅमेऱ्यांचे पॉवर सप्लाय मिळतात. तीच ७ एएचची बॅटरी अशा सप्लायवर फक्त २० वॅटच्या चार कॅमेऱ्यांना तीनेक तास सांभाळते.

मग इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीवरून थेट दोन वायर ओढल्या तर? तसं कधीही करू नये. चार्ज होताना त्या बॅटरीचा दाब १४ व्होल्टच्या वर जातो आणि रिकामी होताना ११ च्या खाली येतो. कॅमेरा पहिल्याने जळू शकतो आणि दुसऱ्याने पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ शकतो. मध्ये दाब १२ वर स्थिर ठेवणारा सर्किटचा तुकडा हवाच.

राउटरसाठी लिथियम सेलचे छोटे यूपीएस आता सगळीकडे मिळतात. डब्यावर १०,००० एमएएच असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा बहुधा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ३.७ गुणिले १० म्हणजे ३७ वॅट-तास. १० वॅटच्या राउटरला तीन तास पुरतील, पण त्यावर डीव्हीआर जोडला तर तो कदाचित सुरूच होणार नाही. हार्ड डिस्कची तबकडी फिरायला लागताना पहिले काही सेकंद नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. छोट्या यूपीएसला ते झेपत नाही आणि तो स्वतःच बंद होतो. विकत घेताना वॅट-तास आणि अँपिअर हे दोन आकडे विचारावेत. बाकी जाहिरात सोडून द्यावी.

५. क्षणभराचा झटका

तासाभराच्या अंधारापेक्षा दोन सेकंदांचा झटका जास्त त्रास देतो. डीव्हीआर हा एक छोटा संगणक आहे. वीज तुटली की तो पुन्हा सुरू होतो, डिस्क तपासतो आणि मगच रेकॉर्डिंगला लागतो. त्यात एक-दोन मिनिटं जातात. जूनमधल्या पहिल्या वादळी संध्याकाळी फीडर दहा वेळा पडला-चढला, तर पाव तासाचं चित्र गायब. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज वारंवार तुटली, तर आधीची साठवणही खराब होऊ शकते.

इन्व्हर्टर असूनही हे घडतं, कारण मेनवरून बॅटरीवर जायला त्याला थोडा वेळ लागतो. पंख्याला तो कळत नाही, डीव्हीआरला कळतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक लहानसा खटका असतो. त्यावर एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल लिहिलेलं असतं. यूपीएसच्या बाजूला ही अदलाबदल काही मिलिसेकंदांत होते आणि डीव्हीआर झोपत नाही. इन्व्हर्टर भिंतीला टेकवून ठेवलेला असल्याने तो खटका कित्येकांनी कधी पाहिलेलाही नसतो.

६. मोबाइलवर दिसणं ही वेगळी गोष्ट

वायरने जोडलेले कॅमेरे आणि डीव्हीआर यांना इंटरनेट लागत नाही. राउटर बंद पडला तरी रेकॉर्डिंग चालू राहतं, फक्त गावी बसलेल्याला ते दिसत नाही. वायफाय कॅमेऱ्याचं तसं नाही. त्यात मेमरी कार्ड असेल आणि त्याला वीज मिळत असेल, तर तो कार्डावर लिहीत राहतो. कार्ड नसेल आणि चित्रं फक्त कंपनीच्या सर्व्हरवर जात असतील, तर राउटरबरोबर पहाराही संपतो. म्हणून वायफाय कॅमेऱ्यात कार्ड घालण्याला पर्याय नाही.

राउटर बॅटरीवर आहे, तरी नेट गेलं, असंही होतं. यात लाइन घराबाहेर कशी आली आहे याला महत्त्व आहे. मोठ्या कंपन्यांच्या फायबरमध्ये वाटेतल्या फाट्यांना वीज लागत नाही. प्रकाश काचेतून आपोआप विभागला जातो आणि वीज लागते ती फक्त दोन टोकांना. पण गल्लीतल्या केबलवाल्याचं नेट बऱ्याचदा कुणाच्या तरी जिन्यात लावलेल्या स्विचच्या डब्यातून येतं. त्या इमारतीची लाइट गेली की सगळ्या गल्लीचं नेट जातं. कनेक्शन घेताना “तुमच्या डब्याला बॅटरी आहे का?” हे विचारायलाच हवं. मोबाइलच्या मनोऱ्यांना बॅटरी आणि कुठे कुठे डिझेल जनरेटर असतो, त्यामुळे काही तासांपर्यंत सिमवरचा राउटर हा चांगला आधार आहे. वादळानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र मनोरेही मुके होतात. तेव्हा भरवसा फक्त घरातल्या डिस्कचा.

डिस्क तरी किती दिवस धरते? एका कॅमेऱ्याचं चित्र सेकंदाला दोन मेगाबिट धरलं, तर चार कॅमेरे दिवसाला सुमारे ८६ जीबी भरतात. एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं लिहू लागते. महिनाभर गावी जाणाऱ्याला ती पुरणार नाही.

७. घड्याळ चुकलं तर

हा भाग सगळ्यांत दुर्लक्षित आहे. डीव्हीआरच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसताना तारीख-वेळ तो जपतो. पाच-सात वर्षांत तो संपतो. त्यानंतर लाइट जाऊन आली की डीव्हीआर एखाद्या भलत्याच जुन्या सालात जाऊन बसू शकतो. इंटरनेट असेल आणि वेळ नेटवरून घ्यायची सोय चालू असेल, तर तो लगेच सुधारतो. दोन्ही नसेल, तर चोर चित्रात स्पष्ट दिसतो आणि वर तारीख असते २००० सालची.

वेळेची किंमत किती, हे जालन्याच्या एका खटल्याने दाखवलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज मुदतीत, म्हणजे दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, हा वाद होता. कैलास गोरंट्याल यांनी तो न्यायालयात नेला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातली व्हिडिओ चित्रणं पुराव्यात आली. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात निकाल दिला. मूळ यंत्र न्यायालयात आणलं नसेल आणि फक्त त्याची प्रत दिली असेल, तर तिच्याबरोबर कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतंच, असं त्यात सांगितलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ही अट आहे. यंत्र नीट चालत होतं, हे त्या प्रमाणपत्रात कुणाला तरी सही करून सांगावं लागतं. लाइट गेल्यावर वेळ बिघडणाऱ्या डीव्हीआरबद्दल अशी सही करणं कठीण आहे. नवा सेल थोडक्या पैशात येतो.

८. पाणी आणि खारा वारा

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून प्रचंड विसर्ग झाला आणि तापीने सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली घेतला. हजीऱ्याच्या पट्ट्यालाही मोठा फटका बसला. त्या पुराची खूण अंगावर बाळगणाऱ्या गावात बॅटरी, इन्व्हर्टर आणि डीव्हीआर जमिनीवर ठेवू नयेत. बॅटरी ५० किलोच्या आसपास भरते, म्हणून तिला भक्कम ओटा किंवा लोखंडी स्टँड लागतो. डीव्हीआर माळ्यावर गेला तर दुसराही फायदा होतो. घरात शिरलेला चोर टीव्हीखाली दिसणारा डीव्हीआर उचलून नेतो आणि पुरावाच संपतो.

खाऱ्या वाऱ्याचं काम संथ चालतं. कॅमेऱ्यामागची पॉवरची पिन उघडी लोंबत असेल, तर दोन पावसाळ्यांत तिच्यावर हिरवट गंज चढतो. गंजलेल्या जोडातून वीज कमी पडते. दिवसा कॅमेरा ठीक चालतो. रात्री इन्फ्रारेड दिवे पेटून मागणी वाढली की दाब पडतो आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. घरमालक बॅटरीला दोष देतो, दोष मात्र रुपयाभराच्या जोडात असतो. पिना झाकणाच्या डब्यात बंद कराव्यात. बॅटरीच्या टर्मिनलवर पेट्रोलियम जेली लावावी आणि तिच्यातल्या डिस्टिल्ड वॉटरची पातळी उन्हाळ्यात जास्त वेळा पाहावी, कारण उष्णतेने पाणीही उडतं आणि बॅटरीचं आयुष्यही घटतं.

९. मेन पाडून पाहणं

तपासणी रात्रीच करावी, कारण इन्फ्रारेड दिवे पेटून मागणी वाढते ती तेव्हाच. लाइट जाते तेव्हा रस्त्यावरचे दिवेही जातात, हे विसरलं जातं. रात्री रंगीत चित्र दाखवणारे काही कॅमेरे रस्त्याच्या उजेडावर अवलंबून असतात. गल्ली काळोखात बुडाली की त्यांना काही दिसत नाही, बॅटरी भरलेली असली तरी. दारावरचा निदान एक कॅमेरा इन्फ्रारेडचा हवा. पण आपला मेन पाडला तरी गल्लीतले दिवे चालूच राहतात. म्हणून रंगीत कॅमेऱ्याची खरी परीक्षा गल्लीची लाइट जाईल तेव्हाच होते.

मेनचा एमसीबी खाली पाडावा. पहिल्या मिनिटात डीव्हीआर पुन्हा सुरू झाला का, हे पाहावं. झाला असेल तर इन्व्हर्टरमागचा खटका तपासावा. मग मोबाइलचं वायफाय बंद करून सिमच्या डेटावर कॅमेरे उघडावेत. घरच्या वायफायवरून पाहिलं, तर बाहेरचं नेट गेलेलं असतानाही चित्र दिसू शकतं आणि फसगत होते. पंखे नेहमीसारखे चालू ठेवून किती वेळात काय बंद पडतं, याची नोंद डीव्हीआरवरच चिकटवावी. शेवटी मेन चढवून दहा मिनिटांनी मागचं रेकॉर्डिंग चालवून पाहावं. चित्र सलग आहे का आणि कोपऱ्यातली वेळ हातातल्या मोबाइलशी जुळते का, एवढं बघितलं की गावी जायची बॅग भरायला हरकत नाही.